डावऱ्या आणि गोदामाची भिंत

डावऱ्या गेल्यावर आठवडाभराने त्याच्या घरी माणसं जमली होती. त्या दिवशी त्याच्या बायकोने मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस मला एका जागी बसू दिलं नाही, आणि आता तो मिटला आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. लिहिण्याची मला सवय नाही. इस्पितळाच्या कपडेखात्यात नोकरी केली, तिथे चादरी आणि अभ्रे सोडून दुसरं काही लिहायला लागलं नाही. तेव्हा चुकेल ते सांभाळून घ्यावं.

डावऱ्या काचवाला होता. खाली दुकान, वर घर. दुकानात लाकडी घोड्यांवर काचेचे तक्ते उभे करून ठेवलेले असत आणि जिन्याच्या कडेला त्याने उरलेल्या आरशांचे तुकडे लावले होते. वर चढताना माणूस आधी गुडघ्यात दिसायचा, मग पोटात, मग एकदम तोंडात. आम्ही त्याला डावऱ्या म्हणायचो ते तो डाव्या पायाने खेळायचा म्हणून. काच मात्र उजव्या हाताने कापायचा, आणि गिऱ्हाईक बघत असेल तर जरा जास्तच ऐटीत. गल्लीतल्या पोरांना चेंडू हाच आणून देतो आणि फुटलेल्या काचा हाच बसवतो, असा त्याच्यावर जुना आरोप होता. तो कधी नाकारायचा नाही. धंदा म्हटला की भांडवल घालावं लागतं, म्हणायचा.

तर त्या दिवशी वरच्या खोलीत शेजारीपाजारी, चौकटी करून देणारा सुतार, दोन-चार जुनी गिऱ्हाइकं, असे सगळे बसले होते. मी दाराशी स्टुलावर. बोलता बोलता गाडी खेळावर आली आणि डावऱ्याच्या मुलाने सांगितलं की बाबा फार मोठे खेळाडू झाले असते. कापड गिरणीच्या संघात त्यांची निवड झाली होती, पण त्याच वेळी लग्न ठरलं, संसार मागे लागला आणि आईसाठी त्यांनी सगळ्यावर पाणी सोडलं. मुलगा चांगला आहे, बापाचंच दुकान सांभाळतो. माणसांनी माना हलवल्या. सुतार म्हणाला की माणूस दिलदार होता खरा.

मी पाण्याचा पेला ठेवायला आत गेलो तर वहिनी ओट्याला टेकून उभ्या. त्या बाहेरचं सगळं ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि हळूच म्हणाल्या,

“भावोजी, एक विचारू? माझ्यामुळे सुटला का हो त्यांचा खेळ? तुम्ही तेव्हापासूनचे. तुम्हाला ठाऊक असणार.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात कोणाची तरी सून चहाचे कप घेऊन आत आली आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नंतर निरोप घेताना वहिनींनी पुन्हा काही विचारलं नाही. पण जिना उतरेपर्यंत त्या वरून बघत होत्या, हे मला आरशात दिसलं.

मला खरंच ठाऊक होतं. आणि आता ते ठाऊक असणारा मी एकटाच उरलो होतो.

गिरणीने निवडलं होतं ही डावऱ्याची आवडती गोष्ट. दुकानात चार माणसं असली की तो सांगायचा. काच कापताना हिऱ्याची कलम एकदा चालवली की मध्ये थांबायचं नसतं, तशी त्याची ही गोष्ट एकदा सुरू झाली की थांबत नसे. “गिरणीवाले न्यायला आले होते मला. पण हिचं स्थळ आलं. म्हटलं, एक डावा पाय दोन ठिकाणी कसा अडकवू?” वहिनी वरून चहा घेऊन येत असतील तर आवाज थोडा आणखी चढायचा. मग माझ्याकडे बोट. “खोटं वाटत असेल तर मुक्याला विचारा. तो होता तिथे.” मला तो मुक्या म्हणायचा. मी काही बोलायच्या आत पुढचं ठरलेलं वाक्य यायचं, “साक्षीदार ठेवावा तर असा.” सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या. मला वाटायचं ही नवरा-बायकोची जुनी थट्टा आहे, दोघांनाही पाठ झालेली. त्या हसण्यामागे इतकी वर्षं कुठेतरी सलत होतं, हे मला त्या ओट्यापाशी कळलं.

घरी आलो ते नीट जेवलोही नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं आणि एकच पान तीनदा वाचलं. पिशवी घेऊन बाजारात गेलो आणि रिकामी घेऊन परत आलो. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी आमच्या हिने विचारलं, मी सांगितलं.

ती म्हणाली, “ठाऊक आहे ना? मग सांगून टाका. नसेल सांगायचं तर एका जागी बसा. माझी लादी झिजवू नका.”

तिच्या दृष्टीने एवढंच होतं. पण सांगितलं तर वहिनींच्या छातीवरचं ओझं उतरेल, आणि डावऱ्या मुलाच्या नजरेतून उतरेल. तो असता तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. त्यात त्याचा हात कोण धरणार? आता तो नव्हता, आणि त्याच्या पाठीमागे त्याची गोष्ट मोडायचा हक्क मला कोणी दिला होता? आणि नाही सांगितलं, तर वहिनी उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत काढणार. दोन्हीकडून माझीच मान अडकलेली. रोज सकाळी ठरवायचो की आज जायचं, रोज त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जायचो आणि तिथल्या न्हाव्याकडे नको असलेली दाढी करून परत यायचो. न्हावी म्हणाला, काका, आता कातडी उरली आहे, ती राहू दे.

काय झालं होतं ते सांगायचं तर आधी आमची गल्ली सांगावी लागेल.

गल्ली अरुंद होती. एका बाजूला घरांची दारं, दुसऱ्या बाजूला कागदाच्या गोदामाची लांबच लांब भिंत. खिडकी नाही, दार नाही, नुसती भिंत. आम्ही तिथे फुटबॉल खेळायचो. इतक्या अरुंद जागेत समोरचा आडवा आला की पुढे जायला वाट नसायची, मग आम्ही चेंडू भिंतीवर मारायचो, समोरच्याला वळसा घालून पळायचो आणि परत आलेला चेंडू पुढे घ्यायचो. भिंत दोन्ही संघांकडून खेळायची. ती कधी दमत नसे, कधी चुकत नसे आणि मला का नाही दिलास म्हणून भांडत नसे. बाजू बदलायची पद्धत आमच्यात नव्हती, कारण एका टोकाला गोल होता आणि दुसऱ्या टोकाला शिंप्याचं दुकान. त्यामुळे डावऱ्या जन्मभर एकाच दिशेने खेळला आणि भिंत कायम त्याच्या डाव्या हाताला राहिली. भिंतीवर कुठे मारलं की चेंडू किती पुढे येणार, हे त्याच्या पायाला कळायचं. तो बघायचासुद्धा नाही. मारायचा आणि पळायचा, आणि चेंडू बोलावल्यासारखा त्याच्या पायाशी यायचा. त्याला अडवणं कोणालाच जमलं नाही. मी गोलात उभा असायचो. कोणी बोलायला नको म्हणून मी ती जागा घेतली होती.

संध्याकाळी शिंप्याच्या पायरीवर बसून आम्ही पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. दोघे एकाच संघात जाणार, परगावी गेलो की एकाच खोलीत उतरणार, खिडकीकडची खाट त्याची. बनियनवर कोळशाने आकडे काढून झाले होते. रेडिओवाले मुलाखत घ्यायला आले तर काय सांगायचं, याची तालीम तो करायचा. मी काय सांगू विचारलं तर म्हणाला, तू फक्त हस, दोघांचं मी बोलेन. मला ती वाटणी पसंत होती. आता हसू येतं, पण तेव्हा यातलं काही होणार नाही अशी शंका आम्हाला चुकूनही आली नव्हती.

पुढे आम्ही मिसरूड फुटलेले झालो तेव्हा कापड गिरणीच्या संघासाठी पोरं निवडणार असल्याचं कळलं. निवड झाली की गिरणीत नोकरीही मिळायची. आम्ही एका सायकलवर गेलो. तो दांडीवर बसून वाटभर बोलत होता.

गिरणीचं मैदान बघून मात्र तोही गप्प झाला. चहूबाजूंनी मोकळं, खाली खरं गवत. इतकं आभाळ आम्ही एका वेळी पाहिलं नव्हतं. गळ्यात टॉवेल टाकलेला एक जाडजूड शिक्षक होता. त्याने दोन संघ पाडले. मला गोलात उभं केलं, डावऱ्या माझ्याच संघात पुढे. गोलात उभ्या असलेल्या माणसाला सगळं दिसतं, म्हणून मी हे सांगू शकतो.

पहिला चेंडू त्याच्याकडे आला. त्याने छान घेतला. समोरून एक उंच पोरगा आडवा आला. डावऱ्याने न बघता डावीकडे चेंडू मारला आणि त्या पोराला वळसा घालून सुसाट पळाला. पुढे जाऊन तो वळला, डावा पाय थोडा उचलून, चेंडू घ्यायला तयार. चेंडू गवतावरून संथपणे जात जात रेघ ओलांडून बाहेर गेला होता.

शिक्षकाने शिटी वाजवून विचारलं, “कोणाला दिलास रे?”

डावऱ्याने डावीकडे पाहिलं. तिकडे लांबवर एक झाड होतं. मी गोलात उभा होतो, आणि कोणाला दिला ते मला माहीत होतं.

पोरं थोडी हसली. खेळ पुढे चालू झाला. मला वाटलं आता तो सांभाळेल. त्यालाही तसंच वाटलं असणार. पण पाय ऐकत नव्हता. पुन्हा चेंडू आला, पुन्हा कोणी आडवं आलं, आणि पुन्हा त्याने मोकळ्या हवेला चेंडू देऊन जीव खाऊन धाव घेतली. तिसऱ्यांदा तर मारल्या मारल्या त्याच्या लक्षात आलं. तो दोन पावलांवर थांबला आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूकडे बघत राहिला. आता सगळं मैदान हसत होतं. शिक्षक मात्र हसला नाही. त्याने त्याला हाताने बाहेर बोलावलं आणि दुसरा पोरगा आत पाठवला. वाईट काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान रागवायला कोणी मिळालं असतं.

परत येताना डावऱ्या दांडीवर बसला नाही. मी सायकल हातात धरून चालत होतो आणि तो बाजूने. खूप वेळाने म्हणाला, “एवढं मोठं मैदान बांधलं आणि एक भिंत बांधता आली नाही यांना?” मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, घरी सांगायचं की आठ दिवसांत कळवणार आहेत. आठ दिवसांनी तो बापाच्या ओळखीने काचेच्या दुकानात कामाला लागला. गल्लीत खेळायला आला नाही. चेंडू कोणी त्याच्याकडे लाथाडला तर हाताने उचलून परत द्यायचा.

हे त्याच्या लग्नाच्या तीन वर्षं आधीचं. वहिनींचं नावसुद्धा तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

शेवटी एका सकाळी न्हाव्याचं दुकान बंद होतं आणि मला थांबायला जागाच उरली नाही. मी तसाच पुढे गेलो. मुलगा खाली कोणासाठी तरी काच मापत होता. म्हणाला, काका, वर जा, आई आहे. वहिनी खिडकीशी बसून मेथी नाहीतर पालक, काहीतरी हिरवं निवडत होत्या. मी बसलो आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. गल्ली, भिंत, मैदान, तीनदा बाहेर गेलेला चेंडू, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मी आयुष्यात सलग इतका कधी बोललो नव्हतो.

वहिनींचे हात केव्हाच थांबले होते.

“म्हणजे त्यांना निवडलंच नव्हतं.”

“नाही.”

“आणि मी तेव्हा नव्हतेच.”

“नव्हता, वहिनी. तुमचा काही संबंध नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मला वाटलं त्या सुटकेचा श्वास सोडतील. मी त्यासाठीच आलो होतो. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “लबाड माणूस.” ते प्रेमाने होतं की रागाने, मला समजलं नाही. पुढे जे म्हणाल्या ते मात्र समजलं.

“भावोजी, मला वाईट वाटायचं. अगदी खूप. पण कधीकधी, एखाद दिवशी, भांडणबिंडण झालं की मनात यायचं, याने आपल्यासाठी केवढं सोडलंय. मग मी गप्प बसायचे. आता तेही नाही.”

मी दिवसच्या दिवस फेऱ्या मारल्या, डावऱ्याचा विचार केला, मुलाचा केला, ओझ्याचा केला. ही बाजू माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. एक काढायला गेलो आणि दुसरंही उपटून हातात आलं. उठून जावंसं वाटलं. उठलोही. मग दाराशी जाऊन परत फिरलो, कारण एक गोष्ट राहिली होती. ती सांगायची असं ठरवून मी आलो नव्हतो. दाराशीच आठवली.

मी म्हणालो की तीन वर्षं त्याने चेंडूला पाय लावला नव्हता. तुमचं लग्न झालं आणि साधारण महिन्याभराने, सुट्टीच्या दिवशी, तो गल्लीत आला. आम्ही सगळे बघतच राहिलो. मी विचारलं, आज कसा काय? तर म्हणाला, “घरातून हाकललंय. म्हणाली, सुट्टीच्या दिवशी माणूस असा तोंड पाडून घरात बसलेला मला चालणार नाही, जा खेळून या.” त्या दिवसापासून तो पुन्हा खेळायला लागला, गुडघे गेले तोपर्यंत. पुढे गल्लीतल्या पोरांना खेळायला शिकवायचा, तेही तिथूनच सुरू झालं.

वहिनींनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“तुम्ही आता माझी समजूत काढताय.”

“नाही हो.”

“मला असं काही म्हटल्याचं आठवत नाही.”

“तुम्हाला नसेल. मला त्याने सांगितलं.”

“त्यांनी तर निवडलं होतं असंही सांगितलं.”

डावऱ्याच्या शब्दाशिवाय माझ्याजवळ पुरावा काय? आणि त्या शब्दाची किंमत मीच पाच मिनिटांपूर्वी घालवून बसलो होतो. एवढंच म्हणालो की तो आला ते मी डोळ्यांनी पाहिलं, तेवढं खरं धरा. त्या भाजीची काडी बोटात फिरवत राहिल्या. खालून काच तुटल्याचा आवाज आला, जुन्या तुकड्यांचं टोपलं ओतत असणार. मी तसाच दारात उभा, धड आत नाही धड बाहेर नाही.

मग वहिनींनी खिडकीतून खाली हाक मारली. “अरे, हातातलं टाकून वर ये जरा.”

मी म्हणालो, “वहिनी, त्याला नको. बापाबद्दल त्याला...”

“त्याला सांगा,” त्या म्हणाल्या. “सगळं सांगा. तो चार लोकांत माझं नाव घेतो, मला ते ऐकत बसवत नाही. मी समोर असताना सांगा.” आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली तेव्हा घाईने म्हणाल्या, “आणि ते शेवटचंही सांगा.”

मुलगा आला. बाहीवर काचेची भुकटी होती, ती त्याने दाराबाहेर झटकली. मी पुन्हा बसलो आणि पुन्हा सांगितलं. या वेळी नीट जमलं नाही. मैदान आधी आलं, गल्ली मागून, त्याला काही कळेना, मग वहिनी मध्ये पडल्या आणि भिंतीचं त्यांनीच समजावलं, आत्ताच ऐकलेलं, माझ्यापेक्षा बरं. मुलगा सुरुवातीला हसला. चेंडू तीनदा बाहेर गेला म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. तो स्वतःच्या तळहाताकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो. त्याने मला घराबाहेर काढलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

“मला का नाही सांगितलं त्यांनी?” त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. मग मी शेवटची गोष्ट सांगितली, लग्नानंतर तो गल्लीत आला त्याची. तो आईकडे वळला.

“तू पाठवलं होतंस बाबांना खेळायला?”

वहिनी उठल्या. भाजीची ताटली ओट्यावर नेऊन ठेवली, नळ सोडला, बंद केला. आमच्याकडे पाठ होती.

“मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “पण भावोजी म्हणतायत तर पाठवलं असेन.”